ताराराणींची उरलेली 54 वर्षं

(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला विषय दिला आहे तो 'इतिहासातल्या आणि कलेतल्या नामवंत स्त्रिया'. विषय एवढा मोठा की नुसती नावं घेतली तरी तास संपेल. म्हणून मी कोल्हापूर सोडणार नाही. गावाबाहेर गेलेच, तर या गावाशी धागा जुळलेल्या एखाद्या बाईच्या मागं जाईन आणि परत येईन.

हायवे सोडून गाडी गावात शिरली की कावळा नाक्यावर ताराराणी भेटतात. उसळलेला घोडा, हातात तलवार. त्या पुतळ्याचा मला अभिमान आहे, शाळेच्या सहलीत मुलींना तिथं उभं करून मी कितीतरी वेळा बोलले आहे. पण तो पुतळा कुठल्या ताराराणींचा? 1700 ते 1707 या सात वर्षांतल्या. त्यांचा जन्म 1675 चा आणि मृत्यू डिसेंबर 1761 चा. म्हणजे औरंगजेब गेल्यावर त्या आणखी 54 वर्षं जगल्या. ती वर्षं आपण पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकतो, आणि मला आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

आधी ती सात वर्षं, कारण ती खरोखरच थोर आहेत. हंबीरराव मोहित्यांची ही लेक. मार्च 1700 मध्ये त्यांचे पती छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा वय 25, पदरात चारेक वर्षांचा मुलगा. औरंगजेब स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला. दोन महिन्यांच्या आत साताऱ्याचा किल्ला पडला, पुढं पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकामागून एक गेले. ताराराणींनी काय केलं? किल्ला जाईपर्यंत शत्रूला पावसात, चिखलात झुंजवायचं, त्याचा पैसा आणि वेळ खायचा, आणि त्याच वेळी आपल्या फौजा त्याच्या पाठीमागं माळव्यात आणि गुजरातेत घुसवायच्या. बादशहा इथं तटाला तोफा लावून बसलेला आणि मराठे नर्मदेपलीकडं वसुली करताहेत! गेलेल्या किल्ल्यांतले बरेचसे परत घेतले ते वेगळंच. 1707 मध्ये तो अहमदनगरजवळ भिंगारला मेला तेव्हा त्याच्या हाताला काय लागलं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार. तो लिहितो की ही बाई नवऱ्याच्या हयातीतच मुलकी आणि लष्करी कारभारातल्या जाणतेपणाबद्दल नावाजलेली होती. म्हणजे संकट आलं आणि बाई अचानक पेटून उठली, असं झालेलं नाही. तिला काम येत होतं. हिशेब, नेमणुका, सरदारांचे रुसवेफुगवे, रसद, सगळं येत होतं.

आता पुढं चला. औरंगजेब मेल्यावर संभाजी महाराजांचे पुत्र शाहूराजे मुघलांच्या कैदेतून सुटून आले. ताराराणींनी त्यांचा हक्क मानला नाही. राज्य माझ्या नवऱ्यानं आणि मी राखलं, तेव्हा गादी माझ्या मुलाची, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराराणी हरल्या. पण गप्प बसल्या नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांना बरोबर घेऊन त्यांनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, साल 1710. आपण ज्याला करवीर राज्य म्हणतो ते हे. आपलं गाव पुढं राजधानीचं गाव झालं त्याची सुरुवात एका हरलेल्या, पण माघार न घेतलेल्या बाईच्या निर्णयात आहे.

आणि 1714 मध्ये त्यांच्याच वाड्यात उठाव झाला. सवत राजसबाई, तिचा मुलगा संभाजी. ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी दोघंही पन्हाळ्यावर कैदेत. वय 39. मुलगा 1726 मध्ये कैदेतच गेला. त्या स्वतः 1730 पर्यंत अडकून होत्या. म्हणजे सोळा वर्षं! पर्यटक पन्हाळ्यावर जातात, तबक उद्यान, तीन दरवाजा, अंबरखाना बघतात, गरम कणीस खातात. ताराराणींचा वाडा दाखवला की 'हां, राणीचा वाडा' म्हणून फोटो काढतात. आपण उभारलेल्या गादीच्या किल्ल्यावरच ही बाई सोळा वर्षं कैदी होती, हे तिथं कुणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

1730 मध्ये शाहूंच्या फौजेनं संभाजीच्या छावणीवर हल्ला केला, त्यात ताराराणी शाहूंच्या हाती लागल्या आणि साताऱ्यात राहायला गेल्या. पुढच्या वर्षी वारणेचा तह झाला, वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली. इथं कुणीही म्हणेल की म्हातारी आता देवधर्म करील. नाही! 1749 मध्ये शाहू वारले, आणि ताराराणींनी रामराजाला पुढं आणलं. हा माझा नातू, राजसबाईच्या भीतीनं लपवून वाढवला, असं सांगून त्याला छत्रपती केलं. कारभार नानासाहेब पेशव्याच्या हातात राहतोय आणि नातू आपलं ऐकत नाही असं दिसल्यावर 1750 मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेत टाकलं, गुजरातेतून दमाजी गायकवाडला फौजेसह बोलावून घेतलं. तेव्हा त्यांचं वय 75 च्या घरात. 1752 मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात शपथा झाल्या, आणि तिथं त्यांनी सांगितलं की रामराजा माझा नातू नव्हेच.

खरं काय होतं? आधी बोलल्या ते की नंतर बोलल्या ते? मी इथं त्यांची वकिली करायला उभी नाही. एका तरुण मुलाच्या आयुष्याची त्यात धूळधाण झाली, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट बघा. असंच राजकारण एखाद्या पुरुषानं केलं की आपण त्याला मुत्सद्दी म्हणतो, कधी पाताळयंत्री म्हणतो, पण त्याच्यावर प्रकरणच्या प्रकरण लिहितो. बाईनं केलं की हट्टी, सत्तेची हावरी, भाऊबंदकी लावणारी, आणि विषय बंद. ज्या डोक्यानं औरंगजेबाला दमवलं तेच डोकं पुढं पेशव्याशी झगडत होतं. पहिलं हवं आणि दुसरं नको, असं कसं चालेल? पानिपतची बातमी त्यांनी ऐकली. त्याच साली जूनमध्ये नानासाहेब गेले, डिसेंबरात त्या गेल्या. ज्यांच्या ज्यांच्याशी भांडल्या, त्यातल्या बहुतेकांना त्यांनी मागं टाकलं.

ज्या संभाजीनं त्यांना कैदेत टाकलं त्याच्या राणी जिजाबाई. 1760 नंतर दत्तक मुलाच्या नावानं 1773 पर्यंत करवीरचा कारभार त्यांनी हाकला. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आज नुसता उल्लेख करते.

दीडशे वर्षं ओलांडून पुढं येऊ. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात कोल्हापूर संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाचा कारभार रखमाबाई केळवकरांकडं होता. त्यांची मुलगी कृष्णाबाई मुंबईला ग्रँट मेडिकलमध्ये डॉक्टर झाली, परदेशी शिकून आली आणि इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांची बाळंतपणं करू लागली. सीपीआर माहीत नाही असा माणूस कोल्हापुरात सापडणार नाही. कृष्णाबाई माहीत असलेली माणसं या हॉलमध्ये हात वर करतील का? बरं, सात-आठ. राजर्षींनी शिकवलं, असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण शिकल्या त्या कोण, रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोण बोलवायला आलं तर उठून कोण गेलं, हे वाक्य आपण पुरं करत नाही.

आता सिनेमा. कोल्हापूर म्हणजे कलापूर, हे आपण अभिमानानं सांगतो. बाबूराव पेंटरांनी 1917 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. त्याआधी फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंखे, म्हणजे पुरुष. बाई मिळेचना. त्याच 1913 सालच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची छोटी मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी उभ्या राहिल्या. तरीही पुढं कितीतरी वर्षं पडद्यावर येणं हे बाईच्या अब्रूचं काम मानलं जात नव्हतं. 'सैरंध्री'त काम केलं गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी. पडद्यावर त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. जातीनं त्यांना वाळीत टाकलं, मग त्या कंपनीच्याच आवारात राहू लागल्या. सिनेमा पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं, आणि ते योग्यच झालं. पण ज्या दोघींनी त्या सिनेमासाठी घरदार गमावलं त्यांना कुठला किताब मिळाला? बदललेलं नाव, एवढाच.

बारा वर्षांनी, 1932 मध्ये, याच गावात प्रभातनं पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच हरिश्चंद्राची. तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या लाडांच्या सुशिक्षित घरातल्या, कॅथेड्रल हायस्कुलात शिकलेल्या, दोन लहान मुलांच्या आई. सासरची मोठी श्रीमंती बुडाली म्हणून कामाला बाहेर पडल्या होत्या, आणि पहिल्या सिनेमानं त्यांची नाचक्की झाली होती. अशा वेळी त्या कोल्हापूरला आल्या. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. कॅमेरा चालू असताना, वाजवणारे चौकटीबाहेर बसलेले असताना, नटीनं स्वतः गायचं, तेही आपल्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे समोर हरिश्चंद्र आणि तेच संगीतकार! एका शब्दाला सूर ढळला की सगळं पहिल्यापासून. तारामतीचं दुःख आपण पडद्यावर बघतो. मला त्या पंचविशी ओलांडलेल्या बाईचं काम दिसतं, पाठांतर, सूर, कॅमेऱ्यासमोरची जागा, आणि हे जमलं नाही तर मुलांचं काय, ही काळजी.

दुर्गाबाईंचंही पुढचं आपण विसरतो. 1937 मध्ये त्यांनी स्वतः 'साथी' काढला आणि दिग्दर्शित केला. पुढं जाहिरातपट, माहितीपट काढणारी कंपनी चालवली. फाळके पुरस्कार 1983 चा. आपल्या आठवणीत मात्र त्या कुणाची तरी आई आणि 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई.

लता मंगेशकर दीनानाथ गेल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर इथं राहिल्या, 1945 मध्ये मुंबईला गेल्या. त्यांच्या गाण्याबद्दल मी काय बोलू? एवढंच सांगते, भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' सिनेमाचा संगीतकार 'आनंदघन' म्हणजे लताबाईच. ही बाई चाल बांधायची, हे आपल्या गावच्या सिनेमात घडलं.

शेवटी गाणं, आणि इथं मी थोडी रेंगाळणार आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. त्यांची गायकी किती अवघड, ते जाणकारांना विचारा. अनवट म्हणजे क्वचितच गायले जाणारे राग, दोन राग जोडून बांधलेले जोडराग. आकारात लांबच लांब बांधलेली तान, ठेक्याच्या मात्रेमात्रेला धरून चाललेली, आणि श्वास कुठं घेतला ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ही गायकी पुढं नेली ती मुख्यतः बायकांनी. केसरबाई केरकर आठ वर्षांच्या असताना घरच्यांबरोबर इथं आल्या होत्या, काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या. नंतर एकेका गुरूकडं अर्धवट शिक्षण, आणि 1921 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, अल्लादिया खाँसाहेबांकडं पुन्हा पहिल्यापासून! 29 व्या वर्षी आवाजाची बसलेली सगळी सवय मोडायची, ही सोपी गोष्ट नाही. 1977 मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ही हकिगत सगळे सांगतात. 29 व्या वर्षाची कुणी सांगत नाही. मोगूबाई कुर्डीकर नाटक कंपनीतून सांगलीला आलेली पोरगी, तिचा रियाज कानावर पडून खाँसाहेबांनी शिकवायला घेतली. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर ती तालमीसाठी मुंबईला गेली.

आणि आपल्या गावच्या धोंडूताई कुलकर्णी. जन्म 1927, कोल्हापूर. ब्राह्मण घरातल्या वडलांनी मुलीला मुसलमान उस्तादाकडं गाणं शिकायला पाठवलं, त्या काळात! नत्थन खाँ, मग खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ, त्यांच्याकडं 1950 पर्यंत. मग इथल्याच लक्ष्मीबाई जाधव. आणि 1962 पासून केसरबाई, ज्या सहसा कुणाला शिकवतच नसत. तेव्हा धोंडूताई 35 वर्षांच्या, स्वतः कार्यक्रम करणाऱ्या, आणि पुन्हा तंबोरा घेऊन शिष्य म्हणून समोर बसल्या. 2014 मध्ये गेल्या, तोवर शिकवत होत्या. प्रसिद्धी त्यांना मिळायला हवी तेवढी कधीच मिळाली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण त्या गळ्यात चार गुरूंची तालीम एकत्र होती.

माझं बोलणं संपलं. एक विनंती आहे. तुमच्या घरात, गल्लीत, स्टुडिओत काम केलेल्या, गाणं शिकलेल्या, शाळा चालवलेल्या, सुईणीचं किंवा नर्सचं काम केलेल्या वयस्कर बायका असतील. जुने फोटो, पगाराच्या पावत्या, गाण्याच्या वह्या असतील. रद्दीत घालू नका. दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात बाईंचं नाव आणि काय काम केलं ते लिहून जा. त्यांच्याशी बोलायला मी आणि माझ्या विद्यार्थिनी येऊ.