आमवाताची औषधं आणि आपला डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी मूठ वळत नाही, दाराची कडी सरकवताना बोटं कळवळतात, तास-दीड तास अंग आखडलेलं. मग तपासण्या होतात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असं निदान हाती येतं. घरातला पहिला प्रश्न ठरलेला: 'आता जन्मभर गोळ्या?'

बहुतेकांना त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. आजार पुरता आटोक्यात आला की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून बघतात. पण का घ्यायच्या, हे एकदा कळलं तर त्यांचं ओझं निम्मं होतं. हा झिजेचा आजार नव्हे. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथे सूज धरते, आणि ती सूज राहिली तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. वेदनाशामक गोळीनं ठणका थांबतो, कुरतडणं थांबत नाही. म्हणून नुसत्या वेदनाशामकांवर महिनोनमहिने ठेवणाऱ्या डॉक्टरकडे मी तरी थांबणार नाही.

स्टिरॉइडचं निराळं आहे. १९४८ साली जखडलेल्या एका तरुण रुग्ण बाईंना कॉर्टिझोन हे स्टिरॉइड दिलं आणि काही दिवसांतच त्या हिंडू-फिरू लागल्या. १९५० साली त्या संशोधनाला नोबेल मिळालं. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं हे सगळं मागाहून लक्षात आलं. आज स्टिरॉइड वापरतात ते शक्यतो कमी मात्रेत, थोडे दिवस, मुख्य औषध, म्हणजे ते कुरतडणं रोखणारं, लागू पडेपर्यंत.

हे मुख्य औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असतं. त्याची माहिती वाचून माणसं हादरतात, कारण तिथे कर्करोगाचं नाव दिसतं. कर्करोगात त्याची मात्रा खूप मोठी असते. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. पुन्हा सांगतो, आठवड्याला. रोज नव्हे. चुकून रोज घेतल्यानं तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेततं. डॉक्टरनं चिठ्ठीवर वार लिहिला नसेल तर तिथेच लिहून घ्या: 'फक्त सोमवारी'. जोडीला फॉलिक अॅसिड असतं, ते टाळू नका. मूल हवं असेल तर आधीच सांगा; गरोदरपणात हे औषध चालत नाही. दारूचंही लपवू नका, प्रश्न यकृताचा आहे.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि माणूस खचतो तो याच काळात. डॉक्टरची खरी पारखही इथेच होते. रिपोर्टवर नजर टाकून 'चालू ठेवा' म्हणणारे पुष्कळ. चांगला डॉक्टर तुमचे हात हातात घेतो, बोटांचा एकेक सांधा दाबून बघतो, किती सुजलेत, किती दुखतात ते मोजून लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला त्याच आकड्यांशी ताडून पाहतो. रक्त आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करायला लावतो. मळमळ होते म्हटलं तर 'सवय होईल' म्हणून वाटेला लावत नाही. मात्रा विभागून देता येते का, इंजेक्शन बरं पडेल का, हे बघतो. तीन-चार महिन्यांत फरक नसेल तर दुसरं औषध जोडतो किंवा बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज धरवणारा नेमका घटक अडवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय काढतो. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी व्हायलाच हवी. ती न करता सुई पुढे केली तर सरळ विचारा.

शक्य असेल तर संधिवाततज्ज्ञच गाठा, आणि तेही लवकर. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. दुसरं मत घ्यायचं म्हटल्यावर जो रागावतो, त्याचा राग त्याच्यापाशी. डॉक्टर बदलायचा झालाच, तर जुन्या चिठ्ठ्या, एक्स-रे, कोणतं औषध कधी सुरू केलं आणि का थांबवलं, हे सारं एका फाइलमध्ये घालून न्या. आणि नवी भेट होईपर्यंत चालू गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

नमस्कार.