पत्रिकेतलं नाव आणि मनातला 'च'

नमस्कार. वाचनालयाच्या मंडळींनी मला विषय दिलाय 'धारणा, भावना आणि आपण'. फार भारदस्त विषय आहे. म्हणून मी तो एका लग्नपत्रिकेपाशी आणून ठेवतो.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घरी आली, हळदकुंकवाची बोटं लावलेली. आत खाली 'आपले नम्र' म्हणून यादी असते ना, त्यात काका होते, मामा होते, दोन्ही आत्या होत्या. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणत चौथीतला भाचासुद्धा होता. माझं नाव नव्हतं. यादी मी तीनदा वाचली. पत्रिका उलटून मागची बाजूही पाहिली. हसा तुम्ही, पण इथल्या निम्म्या लोकांनी ती मागची बाजू कधी ना कधी पाहिलेली असणार!

मी लग्नाला गेलो नाही. बायको गेली, आहेर करून, मठ्ठा-जिलबी जेवून आली. मी घरी पिठलं केलं आणि तेही करपवलं. पुढे तीन वर्षं भावाशी बोललो नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यानं अपमान केला म्हणून मला राग आला. सरळ हिशोब.

आता या हिशोबात मधली एक ओळ गाळलेली असते, म्हणजे घडलेल्या गोष्टीचा आपण मनात लावलेला अर्थ, असं सांगणारा माणूस म्हणजे अल्बर्ट एलिस. १९१३ साली पिट्सबर्गला जन्मला, वाढला न्यूयॉर्कमध्ये. सुरुवातीला मनोविश्लेषण करायचा. पेशंट कोचावर पडून वर्षानुवर्षं बालपण उगाळतात आणि तरी तिथंच राहतात, हे बघून वैतागला आणि १९५५च्या सुमारास त्यानं स्वतःची वेगळी पद्धत सुरू केली. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मुंबईचे किशोर फडके यांचा एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ही पद्धत मराठीत रुजली त्यात त्यांचा वाटा मोठा.

एलिस मुलगा असताना भयंकर लाजरा. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं स्वतःलाच गृहपाठ दिला. घराजवळच्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की त्याच बाकावर बसून बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात अशा १३० जणी झाल्या. ३० जणी लगेच उठून गेल्या. उरलेल्या शंभरांशी तो बोलला. भेटायला येते म्हणाली फक्त एक, आणि तीही आली नाही! पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही, आणि त्याची भीती मात्र गेली. आज कुणी बागेत असं करू नये. मला त्यातला हिशोब आवडतो. नकार तेवढेच राहिले, नकाराचा अर्थ बदलला.

ही गाळलेली ओळ आपल्याला दिसत का नाही? मला वाटतं, थोडा दोष मराठीचाही आहे. 'पाऊस येईल असं वाटतं' यातलं वाटणं हा अंदाज. 'भीती वाटते' यातलं वाटणं ही भावना. क्रियापद एकच. मग 'अपमान झाल्यासारखं वाटलं' म्हणताना मी मत सांगतोय की भावना, हे माझं मलाच कळत नाही. वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. त्याला पुरावा मागायचा नसतो. अपमान झाला, हे मात्र मत आहे आणि मत तपासता येतं.

पण ज्या मराठीनं घोटाळा केला तिनंच किल्लीही दिली आहे. एक अक्षर. 'च'.

'पत्रिकेत माझं नाव हवं होतं.' यात काय चूक आहे? काही नाही. इच्छा आहे. 'पत्रिकेत माझं नाव हवंच होतं.' आता बघा, आवाज चढला. इच्छेचा हुकूम झाला. हुकूम मोडला की शिक्षा आलीच, म्हणून तीन वर्षं अबोला. एलिस म्हणायचा, माणूस असे तीन हुकूम काढतो. मी चुकताच कामा नये, लोकांनी माझ्याशी नीटच वागलं पाहिजे, आणि आयुष्य सोपंच असलं पाहिजे. इंग्रजीत त्याला त्यासाठी 'मस्ट' हा अख्खा शब्द खर्चावा लागला. आपलं एका अक्षरात भागतं.

'च' काढला म्हणजे माणूस दगड होतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. मुलगी रात्री उशिरापर्यंत आली नाही तर काळजी वाटणारच, वाटावीच. काळजी वाटणारा माणूस तिच्या मैत्रिणीला फोन लावतो. धास्तावलेला माणूस फोन हातात धरून घरभर फिरतो आणि ती आल्यावर तिच्यावरच ओरडतो. एलिसनं हा भेद फार नेटानं मांडला. दुःख वेगळं, खचणं वेगळं.

एका गावी एका आजोबांनी मला विचारलं, "अहो, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणालो होतो आम्ही. तो 'च' काढला असता तर?" सभागृहात टाळ्या, मी गप्प. नंतर विचार केला. त्यांच्या 'च'नं त्यांना घराबाहेर काढलं, मोर्चात चालवलं. माझ्या 'च'नं मला आरामखुर्चीत बसवलं आणि पिठलं करपवलं. तुमचा कुठला आहे ते तुम्ही बघा.

एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. दाढ ठणकली तर लवंग चालते, किडली असेल तर दंतवैद्यच लागतो. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, जगणं नकोसं झालंय, तर वहीत 'च' शोधत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे.

हां, पत्रिकेचं राहिलं. तीन वर्षांनी मी वहीत ते वाक्य लिहिलं, 'च'वर काट मारली आणि भावाकडे गेलो. मनात तयारी करून गेलो होतो की तो म्हणेल, छापणाऱ्याकडून राहिलं रे. वहिनींनी चहा दिला. मी विषय काढला. तो बशीकडे बघत म्हणाला, "मुद्दाम गाळलं होतं. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा तू एकदाही आला नाहीस. यायलाच हवं होतंस."

त्याचा 'च' मला लख्ख ऐकू आला. तो दाखवायचा मोह आवरला आणि म्हणालो, "हो रे, यायला हवं होतं."