पहिल्यांदाच का?

नमस्कार श्रोतेहो.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. एकतीस वर्षं फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली, म्हणजे एकतीस वर्षं ठाणे-व्हीटी आणि व्हीटी-ठाणे. स्टेशनचं नाव बदलून इतकी वर्षं झाली, जिभेवरचं काही बदलत नाही. आज मात्र मला बोलायचंय ते बोटीबद्दल. मध्ये लोकलही घुसेलच. ती कुठे घुसत नाही?

गेल्या वर्षी आम्ही दोघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो. मुलाने परस्पर तिकिटं काढली आणि म्हणाला, "आई, आता नाही म्हणू नकोस." मी नाही म्हणणार नव्हतेच. दोन नवे ड्रेस शिवले, चिवडा बांधून घेतला, ह्यांनी बुटांना पॉलिश केलं. बंदरावर पोचलो आणि रांगेत उभे राहिलो. रांग लांबलचक होती, पण त्याचं काही नाही. रांगेत उभं राहायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पण शेजारी दोरी लावून एक वेगळी वाट ठेवली होती. त्या वाटेने माणसं यायची ती थांबायचीच नाहीत. आमच्या मागून आलेली, आमच्या डोळ्यांदेखत आत. हे म्हणाले, "महागड्या खोल्यांवाले असतील." मी गणवेशातल्या एका मुलीला विचारलं. ती गोड हसून म्हणाली, नाही, ते आमचे जुने प्रवासी आहेत. मग आमच्या कागदांकडे बघून इंग्रजीत विचारलं, "पहिल्यांदाच का?"

हा प्रश्न पुढच्या चार दिवसांत मी निदान दहा वेळा ऐकला. लिफ्टमध्ये, डेकवर, जेवणाच्या टेबलाशी. विचारणारे सगळे चांगल्या मनाचे. तरी दर वेळी मला बघायला आलेल्या मुलाकडच्या बायका आठवायच्या. "स्वयंपाक येतो ना?" असं त्याही हसूनच विचारायच्या.

तर ही भानगड काय आहे ते सांगते. तुम्ही एखाद्या कंपनीच्या बोटीवर जितक्या रात्री काढाल, तितके गुण तुमच्या नावावर चढतात. रॉयल कॅरिबियन ही मोठी कंपनी, तिचं उदाहरण घ्या. एका रात्रीला एक गुण, स्वीट म्हणजे मोठी, महागडी खोली घेतलीत तर दुप्पट. तीन गुणांवर तुम्ही गोल्ड, ३० वर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० वर सगळ्यात वरचा पिनॅकल क्लब. कंपन्या ह्याला लॉयल्टी म्हणतात. मराठीत त्याला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, निष्ठा विठोबावर असते. आपण पायऱ्या म्हणू. ठाणेकर म्हणून मी थर म्हटलं असतं, पण हंडीला सगळ्यात जुनी, दणकट माणसं खालच्या थराला असतात. बोटीवर सगळं उलटं.

ही कल्पना विमानवाल्यांची. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने मैल मोजायला सुरुवात केली आणि मग जो तो काहीतरी मोजायला लागला. बोटवाले रात्री मोजतात. त्यात त्यांचा फायदा सरळ आहे. जुन्या गिऱ्हाइकाला शोधायला जाहिरात लागत नाही, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि पुढच्या सफरीचं बुकिंग तो बोटीवरच, आहे त्या सुट्टीच्या गुंगीत, करून टाकतो. त्यासाठी बोटीवर वेगळं टेबलच मांडलेलं असतं. बँकेत आम्ही मुदत ठेवीचं नूतनीकरण असंच करून घ्यायचो, मुदत संपायच्या आत.

पहिल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ह्यांनी हिशेब मांडला. वर्षाला चार रात्री धरल्या तर डायमंड व्हायला वीस वर्षं. आणि सगळ्यात वरची पायरी? एकशे पंचाहत्तर वर्षं. "इतकी पेन्शन आपल्याला कोण देणार," असं म्हणून ते घोरायला लागले. मी जागीच.

कारण मला खरोखर राग आला होता, आणि राग येण्यासारखं काही नव्हतं हेही कळत होतं. वरच्या पायरीवर मिळतं तरी काय? रॉयल कॅरिबियनच्या डायमंडवाल्यांना रोज पेयांची चार कुपनं. आमच्या घरात पेय म्हणजे चहा, फार तर कोकम सरबत. प्रिन्सेस कंपनीच्या एलिट पायरीवर कपडे फुकट धुऊन मिळतात. दीडशेच्या आसपास दिवस समुद्रावर काढायचे, तेव्हा कुठे धोबी फुकट! हॉलंड अमेरिका नावाची कंपनी तर शेकड्याने दिवस भरले की पदकं देते. ह्यातलं काहीही मला नको होतं. पण कॉरिडॉरमध्ये समोरच्या खोलीच्या दाराला धुतलेल्या कपड्यांची पिशवी लटकलेली दिसली की पोटात काहीतरी हलायचंच. ती पिशवी आमच्या दाराला नव्हती.

ह्याचं एक कारण मला असं वाटतं. विमानात पुढे बसणारा तीन-चार तासांनी दिसेनासा होतो. बोटीवर तीच माणसं सकाळी नाश्त्याला, दुपारी डेकवर, रात्री नाटकाला. प्रत्येकाच्या हातात कार्ड, कार्डावर पायरी. चार दिवसांसाठी एक नवं गाव वसतं आणि पहिल्याच संध्याकाळी त्या गावातली जुनी घराणी कोणती हे सगळ्यांना कळलेलं असतं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं होतं. तीनशेच्या वर रात्री झालेल्या. त्यातल्या बऱ्याच नवऱ्याच्या लग्नाआधीच्या. पण एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोला दोघांत जी वरची पायरी असेल ती मिळते, असं त्या बाईंनी सांगितलं. म्हणजे लग्न लागलं आणि बाई एकदम हिऱ्याच्या झाल्या. आमच्या काळी कानातल्या कुड्या मिळायच्या. माणसं फार चांगली होती. कुठल्या रात्री गर्दी नसते, आइस्क्रीम कुठलं घ्यायचं, सगळं त्यांनी सांगितलं. मात्र दर वाक्याची सुरुवात "मागच्या वेळी" अशी. मागच्या वेळी हा वेटर होता, मागच्या वेळी पाव चांगला होता. मी समुद्र बघत होते, ते मागची बोट बघत होते. त्यांची दया यावी इतकी मी शहाणी नाही. मला फक्त माझा पाव चांगला लागत होता.

चार दिवसांत एकदाच कोणी आम्हाला पायरी विचारली नाही. बोट सुटायच्या आधी संकटकाळाची कवायत असते. नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊन प्रत्येकाने हजेरी द्यायची. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी जणांची कवायत अजून व्हायचीच होती. तेव्हापासून कवायत झाल्याशिवाय बोट हलत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना तेच, शिट्टी तीच. माझ्या आईने १९४७ साली बुडालेल्या रामदास बोटीची इतकी वर्णनं ऐकवली होती की मी ती कवायत एकदा करून परत एकदा करायला निघाले होते. ह्यांनी हाताला धरून आणलं.

आणि मग फुकेत. तिथे आमची बोट धक्क्याला लागली नाही. समुद्रात नांगर टाकून उभी राहिली आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेलं. पुन्हा तेच. वरच्या पायऱ्या आधी, आम्ही चिठ्ठी घेऊन बसलो. सकाळचे दोन तास गेले, किनाऱ्यावर मिळणारच होते पाच.

तिथे बसल्या बसल्या मला बाबा आठवले. आमचे बाबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायचे. विमानतळ सोडा, कोकण रेल्वेसुद्धा स्वप्नात नव्हती. धक्क्यावर दार उघडलं की वळकटी काखेत मारून धावायचं, डेकवर ती पसरली की तेवढी जागा आपली. बंदर आलं की तिथेही बोट खोल पाण्यातच थांबायची आणि पडाव यायचे. पडावात आधी कोण? ज्याने आधी उडी मारली तो. म्हातारी माणसं, पोरंबाळं, कोंबड्या, फणस, सगळं एकावर एक. त्या धक्काबुक्कीला कोणी सोवळं म्हणणार नाही. पण बाबा शंभराव्यांदा चालले असते तरी खलाशाने त्यांना "या, तुमची वाट वेगळी" असं म्हटलं नसतं. हे मी ह्यांना मोठ्या तावातावाने सांगितलं. आपल्याकडे असं नव्हतं, वगैरे.

हे शांतपणे म्हणाले, "तुमच्या लेडीज डब्यात होतं की."

श्रोतेहो, ह्याला उत्तर नव्हतं.

१९९४ किंवा ९५ ची गोष्ट असेल. ८.१७ ची ठाणे स्लो. आमचा नऊ जणींचा ग्रुप. गाडी लागली की कोण कुठे बसणार हे ठरलेलं, खिडकी माझी. मुलुंडच्या बायका उलट्या ठाण्याला येऊन बसल्या जागी परत जायच्या, त्यांच्याशी तर आमचं उभं वैर. गाडीत हळदीकुंकू करायचो, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायचो, व्हीटी येईपर्यंत दोन जुड्या मेथी निवडून व्हायची. ह्या सगळ्याचं मला फार कौतुक आहे, आजही आहे. तर एके दिवशी माझ्या खिडकीत एक मुलगी बसलेली. विशी-बाविशीची, तेल लावून घट्ट वेणी, मांडीवर डबा. नोकरीचा पहिला आठवडा असावा. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "नवीन का गं?"

बाकी काही बोलले नाही. ती उठली. डबा छातीशी धरून दाराजवळ जाऊन उभी राहिली. मी बसले, पिशवीतून मेथी काढली. तिच्याकडेही तिकीट होतं, किंवा पास. माझ्याइतकाच. माझ्याकडे कुठलं कार्डही नव्हतं, नुसती वर्षं होती. ती मुलगी मला नंतर कधी दिसली नाही. दिसली असेल तर ओळखली नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आमच्या ठाण्याला आली. १४ डबे, तीन इंजिनं, ४०० निमंत्रित पाहुणे. त्या एका गाडीत सगळेच पहिल्यांदा बसलेले. त्या दिवशी हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल. नंतर कधी सुरू झाला कोण जाणे, पण फार दिवस लागले नसावेत.

परत आल्यावर मला ह्या पायऱ्यांचा नादच लागला, मिळेल ते वाचायला लागले. एक गंमत कळली. कार्निव्हल ही अशीच एक मोठी कंपनी. तिच्याकडेही दिवस मोजत. २५ वर गोल्ड, ७५ वर प्लॅटिनम, २०० वर डायमंड. २०२५ मध्ये तिने जाहीर केलं की २०२६ पासून हिशेब दिवसांवर नाही, खर्चावर होणार. जो जास्त पैसे टाकेल तो लवकर वर चढेल, आणि पायरी टिकवायची तर खर्च चालू ठेवायला हवा. जुन्या प्रवाशांमध्ये केवढी खळबळ उडाली! इतकी वर्षं आम्ही स्वस्तातल्या खिडकी नसलेल्या खोल्यांमधून दिवस जमवले, आणि आता काल आलेला पैसेवाला आमच्या पुढे? मला वाचताना हसू आलं, मग हसू आवरलं. खिडकी जाण्याचं दुःख मला ठाऊक आहे. मी निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी काही कामासाठी त्याच ८.१७ ला चढले, तर माझ्या खिडकीत आमच्याच ग्रुपमधली एक जण होती. ती म्हणाली, "बसा ना मॅडम." मॅडम! आणि मी म्हटलं, नको गं, मला दादरलाच उतरायचंय.

आमचं कार्ड? चार रात्री झाल्या म्हणजे चार गुण. घरी आलो तेव्हा ह्यांच्या ईमेलवर अभिनंदनाचं पत्र येऊन पडलं होतं. पहिली पायरी चढलो होतो. ह्यांनी दोन दिवस "ह्यात काय आहे" असं म्हणून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी बोटीवरचं ते प्लास्टिकचं कार्ड पाकिटात ज्येष्ठ नागरिकाच्या ओळखपत्राशेजारी जाऊन बसलं.

मागच्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले होते. दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय म्हणाले, दोन रात्रींचं. कपडे काय न्यायचे, बोट लागते का, जेवण शाकाहारी मिळतं का, असं सगळं विचारायला. ती बोट कॉर्डेलियाची एम्प्रेस, बांधलेली १९९० साली, आधी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होती, हे मी सांगणार होते. पण हे आधीच आरामखुर्चीत मागे रेलले होते. हात खिशातल्या पाकिटाकडे गेलेला. चेहऱ्यावर त्या गणवेशातल्या मुलीचं हसू.

"बरं," हे म्हणाले, "पहिल्यांदाच का?"

मी चहा टाकायला आत गेले.