मांजरं-कुत्र्यांच्या पलीकडचा पाऊस

(दृश्य: लंडन. स्नो हिलचा उतार, मुसळधार पाऊस, रस्त्याकडेनं धावणारं गढूळ पाणी.)

हा स्नो हिल. जोनाथन स्विफ्ट यांनी 1710 साली लंडनच्या पावसावर कविता लिहिली, त्यातला लोंढा इथूनच होबर्नच्या पुलाकडे झेपावतो. कसायांच्या दुकानांतली घाण, बुडालेली कुत्र्याची पिल्लं, मेलेली मांजरं, सलगमचा पाला, सगळं सोबत घेऊन.

'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस पडतोय, हा इंग्रजी वाक्प्रचार इथूनच आला असं अनेकजण सांगतात. पण कुत्र्या-मांजरांची सर हेन्री वॉन या कवीनं 1651 मध्येच पाडली होती. आणि 1653 मध्ये छापलेल्या रिचर्ड ब्रोम यांच्या नाटकात कुत्र्यांच्या जोडीला पोलकॅट आहेत. उग्र वासाचे, मुंगसासारखे दिसणारे प्राणी.

(दृश्य: गवतानं शाकारलेलं छप्पर, अगदी जवळून.)

दुसरी कथा या छपराची. म्हणे मांजरं गवतात झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. जरा नीट बघा. गवत इतकं घट्ट दाबून बांधलेलं असतं की आत शिरायला फट नाही. अन् पाऊस लागल्यावर उघड्या छपरावर कोणतं मांजर बसून राहील?

(दृश्य: जुना जिना. गालिचा, प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात पितळी सळई.)

आता ही सळई. हिला म्हणतात स्टेअर रॉड. जिन्यावरचा गालिचा सरकू नये म्हणून ती पायरीला बसवतात. आणि ब्रिटनमध्ये पाऊस सरळ, जाड धारांनी कोसळू लागला की 'इट्स रेनिंग स्टेअर रॉड्ज'.

(दृश्य: रस्त्यावरचा दिवा, उजेडात पावसाच्या रेघा.)

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगानं खाली येतो. डोळ्याला तो थेंब दिसतच नाही, दिसते ती रेघ. ज्यानं पावसाला पहिल्यांदा 'स्टेअर रॉड्ज' म्हटलं, त्यानं पाऊस खरोखर पाहिला होता. पाठ्यपुस्तकांनी मात्र मांजरं-कुत्रीच उचलली, आणि इंग्रजी शिकणारे तेवढ्यावरच अडकले.

(दृश्य: बसथांबा. छत्र्या, भिजलेली माणसं.)

या थांब्यावर ऐकू येतं ते वेगळंच. 'इट्स बकेटिंग डाउन', जणू कुणी बादल्या उपड्या करतंय. 'टिपिंग इट डाउन', 'चकिंग इट डाउन': ओततोय, फेकतोय. आयर्लंडमध्ये एकच शब्द पुरतो, 'लॅशिंग'. चाबकाचा फटकारा. वाऱ्यासोबत तोंडावर बसणारा तो पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला शब्दकोश उघडावा लागत नाही.

(दृश्य: अमेरिकेचा दक्षिण भाग. कोरडी घळ, मग अचानक पाणी.)

अमेरिकेत अशा सरीला 'गली-वॉशर' म्हणतात, घळी धुऊन काढणारी. आणि त्याहून जोराची आली तर 'टोड-स्ट्रँग्लर'. पाण्यातही जगणाऱ्या बेडकाचा जीव गुदमरावा, एवढी!