सावलीतून पाण्यात काय उतरतं?

[दृश्य : नागपूर, मे महिन्याची दुपार. अंगणातलं दगडी काठाचं तळं. कमळाच्या पानांखाली दाटीने थांबलेले कोई आणि गोल्डफिश.]

निवेदन :

मे संपत आला की नागपुरात नवतपा लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. २६ मेच्या सुमारास तर भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो, की उभ्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच जिरते. माणूस कूलरपुढे जाऊन बसतो. तीन फूट खोल तळ्यातल्या माशाला मात्र त्या तळ्यापलीकडे जागाच नाही.

पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तोच ७ वर येतो. आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण पाण्यासोबत त्याचं शरीरही तापतं. उन्हाने शेवाळ माजतं ते वेगळंच. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर समजा, रात्रभर त्यांचा जीव गुदमरत होता.

म्हणून सावली हवीच. पण मासे असलेल्या तळ्यावर छत घालताना आधी विचारायचं ते हे, की या छतातून, या खांबांतून पाण्यात काय उतरणार आहे? ऊन किती अडतं ते त्यानंतर.

[दृश्य : शेताच्या बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या.]

विदर्भात मांडव म्हटला की हात आधी पऱ्हाट्यांकडे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांकडे जातो, नाहीतर तुरीच्या तुराट्यांकडे. घरच्याच असतात, पैसे लागत नाहीत, सावलीही गारेगार पडते. गुरांच्या गोठ्यावर खुशाल घाला. तळ्यावर मात्र नको. कपाशीवर हंगामात कितीदा फवारणी होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. सायपरमेथ्रिनसारखं औषध लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकं जरी पाण्यात उतरलं, तरी मासे मरतात. वाळलेल्या काडीवर त्यातलं किती उरलंय, हे डोळ्यांना दिसत नाही. अवकाळीची एक सर आली की काडीवरचं सगळं थेट तळ्यात. इतकी जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही.

बांबू चांगला. पण तो जमिनीत रोवताना वाळवी लागू नये म्हणून बुंध्याला जळकं ऑइल फासायची सवय आहे, किंवा खड्ड्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओतायची. तळ्याच्या काठाला ही दोन्ही कामं वर्ज्य समजा. त्यापेक्षा बांबू जमिनीत न रोवता दगडावर किंवा लोखंडी खुरावर उभा करा. भुंगा लागू नये म्हणून बांबू पाण्यात भिजत घालायची जुनी रीत आहे, ती उत्तम. फक्त तो माशांच्या तळ्यात भिजवू नका. त्यातून सुटलेलं पिष्ट कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. बाजारात औषध मारलेला बांबू मिळतो. त्यात तांबं, क्रोमियम, कधी आर्सेनिकही असतं. विकत घेताना विचारून घ्या.

[दृश्य : पाइप कापणारा कारागीर, तळ्यापासून लांब, भिंतीच्या आडोशाला.]

जी.आय. पाइपवर जस्ताचा थर असतो, आणि जस्त माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतं. पावसाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, मऊ पाण्यात हा त्रास आणखी वाढतो. त्यापेक्षा साधा लोखंडी पाइप घ्या. प्राइमर आणि रंग लांब कुठेतरी लावा, वास पूर्ण गेला की मगच उभा करा. कापणं, भोकं पाडणं तळ्यापासून दूरच. लोखंडाचा कीस आणि बांधायच्या तारेचे तुकडे पाण्यात पडले, तर कोई मासा ते खाणं समजून तोंडात घेतो. खांबाचं काँक्रीट काठापासून दीड-दोन हात लांब आणि मातीखाली दाबलेलं असू द्या. ताज्या सिमेंटचं पाणी तळ्यात ओघळलं की पाण्याचा पीएच झपाट्याने चढतो, म्हणजे पाणी क्षारीय होतं.

आता छत. हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, ती किती टक्के ऊन अडवते त्यावर मिळते : ५०, ७५, ९०. कमळं असतील तर ५० पुरे. त्यांना रोज पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर फुलं येत नाहीत. जाळी पाण्यापासून निदान सहा फूट वर ताणा, म्हणजे खालून वारा खेळता राहतो. प्लॅस्टिकचा कागद मुळीच नको, त्याखाली उष्णता कोंडते. कापलेल्या कडेचे धागे सुटून पाण्यात पडतात, म्हणून कड दुमडून दोरीवर शिवून घ्या.

छताखेरीज बाजूने येणारं ऊन अडवायला पडदा कुठल्या बाजूला लावायचा, इथे बरेच जण चुकतात. सवयीने तो दक्षिणेला लावतात. मेअखेरीला नागपुरात दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून, किंचित उत्तरेकडे झुकून येतं. चार वाजता काठावर उभं राहून बघा, गालावर ऊन कुठून लागतं ते. पडदा तिथे. पूर्व मोकळी ठेवा, सकाळचं कोवळं ऊन तळ्याला मिळू द्या. कूलरची जुनी ताटी पडदा म्हणून लावू नका, तिच्यावर क्षारांचा थर बसलेला असतो.

वेल चढवायचा तर मधुमालती चालेल, पडलेली पानं रोज काढायची तयारी ठेवा. कण्हेर तळ्याजवळही नको. तिचं पान न् पान विषारी आहे.

[दृश्य : जाळीच्या कोपऱ्याची गाठ. एका झटक्यात सुटते.]

वादळाचा विचार आधीच करा. कोपऱ्यांना सरकगाठ मारा, म्हणजे वावटळीत जाळी सुटून जाईल, पण खांब तळ्यात कोसळणार नाहीत. नायलॉनची दोरी उन्हाने कडक होऊन तुटते. दरवर्षी नवी बांधा.

मृगाचा पाऊस यायच्या आत जाळी उतरवा. उन्हाळाभर तिच्यावर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते. पहिल्या सरीने ती तळ्यात धुवून जाण्याआधी जाळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन धुवा, वाळवा, घडी घाला. खांब राहू द्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा तळ्याला ऊन हवं असतं, आणि खंड्या-ढोकरीपासून राखणही. त्याच खांबांवर जाड दोऱ्याची, मोठ्या घरांची जाळी घट्ट ताणून बांधा. बारीक नायलॉनची सैल जाळी टाळा, तिच्यात पक्षी अडकतो आणि धामणही.