ऐलतीराचा शब्द, पैलतीराचा शब्द

‘ट्रान्सजेंडर’ आणि ‘सिसजेंडर’ या दोन शब्दांची ही गोष्ट रोमन काळातील नकाशापासून सुरू करू. त्याच्या मधोमध आल्प्सची रांग. तिच्या रोमकडील बाजूच्या प्रदेशाला रोमन लोक ‘गॅलिया सिसाल्पिना’ म्हणत आणि डोंगर ओलांडल्यावर लागणाऱ्या प्रदेशाला ‘गॅलिया ट्रान्साल्पिना’. लॅटिनमध्ये ‘सिस’ म्हणजे अलीकडे आणि ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. नदीकाठच्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऐलतीर आणि पैलतीर ही जोडी त्याच्या बोलण्यात आहेच.

रसायनशास्त्रानेही हीच जोडी उचलली. बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या ‘ट्रान्स फॅट’मधील ‘ट्रान्स’ एवढेच सांगतो, की त्या मेदाम्लाच्या रेणूत दुहेरी बंधापाशी असलेले हायड्रोजनचे दोन अणू परस्परांच्या विरुद्ध बाजूंना आहेत. ते एकाच बाजूला असते, तर त्याला ‘सिस’ म्हटले असते.

आता या जोडीला लागलेला ‘जेंडर’. हा शब्द प्रकार किंवा कूळ असा अर्थ असलेल्या लॅटिन ‘जीनस’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आपल्या ‘जन’ या शब्दाशी त्याचे मुळातले नाते आहे. कित्येक शतके तो मुख्यतः व्याकरणातील लिंग सांगत राहिला. १९६४ मध्ये अमेरिकी मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांच्या लेखनातून ‘जेंडर आयडेंटिटी’, म्हणजे स्वतःच्या लिंगाविषयीची स्वतःची जाणीव, ही संज्ञा पुढे आली, आणि १९६५ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन ऑलिव्हन यांच्या ग्रंथात ‘ट्रान्सजेंडरिझम’ हा शब्द छापला गेला.

जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी असते, त्यांच्या, म्हणजे पलीकडच्या, काठाला असे नाव मिळाले, अलीकडचा काठ मात्र बराच काळ बिननावाचा राहिला. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख ज्यांच्या बाबतीत जुळते, त्यांना नुसते ‘सामान्य’ म्हटले जाई; आणि एकाला सामान्य म्हटले, की दुसरा न बोलताच असामान्य ठरतो. म्हणूनच ‘सिस’ची जोड मला फार मोलाची वाटते, कारण तिने दोन्ही काठांना सारख्या मापाचे नाव दिले. १९९१ मध्ये जर्मन लैंगिकताशास्त्रज्ञ फोल्कमार झिगुश यांनी जर्मन भाषेत ‘सिस’ लावून असा शब्द घडवला, १९९०च्याच दशकात ‘सिसजेंडर’ इंग्रजीत लिहिला जाऊ लागला, आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद घेतली.

मराठीत ‘ट्रान्सजेंडर’साठी ‘पारलिंगी’ हा शब्द वापरला जातो, आणि त्यातील ‘पार’चा संस्कृत अर्थही पलीकडचा काठ असाच आहे. ‘सिसजेंडर’ मात्र आपण अजून बहुधा जसाच्या तसा उच्चारतो, ‘ऐल’ हा शब्द हाताशी असूनही.