लाइट गेल्यावर घरात काय चालू राहणार?

नमस्कार श्रोतेहो.

3 जून 2020 हा दिवस दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची माणसं विसरणार नाहीत. निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून पडले. आमच्या वाडीत लाइट परत यायला कित्येक आठवडे गेले. विहीर भरलेली, पण पंप बंद. कुणाची गाडी दारात दिसली की मोबाइल चार्ज करायला चारजण तिथे उभे. त्याच दिवसांत आमच्या घरात ठरलं, आता छपरावर सोलर बसवायचं.

बसवलंही. तीन किलोवॅटचं. पुढच्या उन्हाळ्यात एकदा भर दुपारी लाइट गेली. बाहेर रखरखतं ऊन, पॅनेलं तापलेली, आणि माजघरातला पंखा फिरत फिरत थांबला. आईने विचारलं, "ऊन तर आहे, मग पंखा का बंद?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी सोलर बसवून दिलं, त्यांनी पैसे घेताना ही गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. म्हणून आज मी ती तुम्हाला सांगतोय.

अनुदानावर बहुतेक घरांत बसतं ते सोलर विजेच्या लाइनला जोडलेलं असतं. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाइनवर जाते, नेट मीटर तिची नोंद ठेवतो आणि बिलातून तेवढी वजावट होते. पण लाइनवरचा पुरवठा थांबला की पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. ते तसंच हवं. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे असं समजून तारेला हात लावेल आणि तुमच्या छपरावरची वीज त्याच्या अंगात उतरेल. तेव्हा लाइट गेल्यावर पंखा फिरायला हवा असेल, तर बॅटरी आणि तिला चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. नुसत्या पॅनेलांनी ते काम होत नाही.

मग प्रत्येकाने बॅटरी घ्यावी का? मला तसं वाटत नाही. शहरात, जिथे लाइट महिन्यातून एखादा तास जाते, तिथे बॅटरीचे पैसे वसूल होत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. पण ते पॅनेलांच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपला आपणच करायचा. कोकणात, डोंगरातल्या वाड्यांवर, जिथे पावसात झाड पडलं की रात्र काळोखात जाते, तिथे मात्र बॅटरी घ्या. छोटी घ्या, पण हिशेब करून घ्या.

हिशेब रात्रीचा करायचा. दुकानदार सुरुवात पॅनेलांपासून करतो. तुम्ही करू नका. वही घ्या आणि संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत घरात खरोखर काय लागतं ते लिहा. आमच्या वहीत असं होतं: दोन पंखे दहा तास, नऊ वॅटचे चार दिवे चार तास, फ्रिज, आणि वायफायचा डबा. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो. दोन पंखे, दहा तास, म्हणजे दीड युनिट. बाकी सगळं मिळून पाऊण युनिट. एकूण सव्वादोन. मग आम्ही ते दोन पंखे बदलून 30 वॅटचे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटारचे आणले. पंख्यांचा खर्च दीड युनिटवरून 0.6 वर आला. रात्रीला 0.9 युनिट वाचलं.

हे 0.9 युनिट म्हणजे किती, तेही ऐका. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर तिचं आयुष्य भराभर घटतं. म्हणजे हक्काची वीज 0.9 युनिट. दोन पंखे बदलले आणि एक अख्खी बॅटरी विकत घ्यायची वाचली. बॅटरीच्या दुकानात शिरण्याआधी पंख्यांच्या दुकानात जा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

लेड-ॲसिड की लिथियम? लेड-ॲसिड स्वस्त पडते, पण तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर भरावं लागतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी कधीही घालू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून तिला हवेशीर जागा द्या, देवघराशेजारी समई तेवते तिथे नको. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग असते, पण सांभाळून वापरली तर कितीतरी जास्त वर्षं चालते, आणि 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. 51.2 व्होल्ट, 100 एएचची बॅटरी पाच युनिटची. चार युनिट हाताशी, म्हणजे आमच्या हिशेबाने जवळजवळ तीन रात्री. पैसे जमत असतील तर हीच घ्या.

इलेक्ट्रिशियनला एक सांगून ठेवा: बॅटरीवर चालायचे पंखे, दिवे आणि फ्रिज यांची वायरिंग वेगळी काढायची. गीझर, इस्त्री आणि विहिरीचा पंप त्या वायरिंगवर घ्यायचा नाही. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. तो दुपारी, उन्हात चालवा.

आता छप्पर. आमच्याकडे कौलं. कौलांवर पॅनेलं मांडायला गेलं की कौलं फुटतात आणि मृगात पाणी घरात. आम्ही न्हाणीघराच्या स्लॅबवर सांगाडा उभा केला, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा, कारण खारा वारा साधं लोखंड खाऊन टाकतो. तोंड दक्षिणेला. एका किलोवॅटला अंदाजे शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. आषाढात निम्मीही मिळत नाहीत, हे धरूनच चाला. आणि माडाची सावली! एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरू शकतं. जागा ठरवण्याआधी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला स्लॅबवर जाऊन स्वतः बघा.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. तीन खड्डे लागतात: आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा, पॅनेलांचा वेगळा, घराच्या बाजूचा वेगळा. आमचा कातळ जांभ्याचा, उन्हाळ्यात कोरडाठाक. अशा जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही. आमचे खड्डे पुन्हा खोल खणून घेतले, आणि फेब्रुवारीपासून त्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. काम घेणाऱ्याला मीटर लावून अर्थिंगचं माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

काम झालं की सगळे पैसे लगेच देऊ नका. संध्याकाळी सातला, बॅटरी भरलेली असताना, मेन स्विच खाली ओढा. नेहमीसारखे पंखे, दिवे, फ्रिज चालू ठेवा आणि झोपा. सकाळी सहाला बॅटरी किती टक्के उरली ते बघून वहीत लिहा. मग शेवटचा हप्ता द्या.

नमस्कार.